मालक आला, गप

इचलकरंजीच्या मागाच्या शेडमध्ये कुणी आवाज काढून बोलत नाही. काढून उपयोगच नाही. छत्तीस माग एका वेळी धडाधडा चालू असतात, सूत नेणारा धोटा या टोकाकडनं त्या टोकाला आपटत असतो, वरचा पत्रासुद्धा थरथरत असतो, आणि कानाला तोंड लावून बोंब मारली तरी समोरच्याला फक्त वारं लागतं. मग बोलायचं कसं? तर नुसत्या तोंडानं. ओठ, जबडा, जीभ सगळं हलवायचं, अगदी मोठ्ठं हलवायचं, फक्त आवाज सोडायचा नाही. आणि थोडंथोडकं नाही, दिवसभर बोलतात लोक. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाचा गॅस संपला, कुठल्या डॉक्टरनं कुणाला काय सांगितलं, सगळं.

तेजल दिवटेची आई रंजना अशा शेडमध्ये बावीस वर्षं कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती सुताची गुंडाळी. तेजल लहान असताना आई घरी आल्यावरही कधीकधी आवाज काढायचाच विसरायची. भाकरी थापताना वळून नुसते ओठ हलवायची आणि तेजल मिठाचा डबा आणून द्यायची. तिला वाटायचं सगळ्यांच्याच आया अशा बोलतात.

तर दोन हजार सदतीस साली ही तेजल कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि शेवटचं वर्ष म्हटलं की प्रोजेक्ट आलाच. प्रोजेक्ट कसा करतात ते सगळ्यांना माहीत आहे. स्टँडसमोरच्या दुकानात जायचं, तयार प्रोजेक्ट घ्यायचा, नाव बदलायचं, काळ्या पुठ्ठ्यात बांधायचा, वर सोनेरी अक्षरं छापायची, झालं. गाईड हुपरे सर स्वतःच म्हणायचे, "दिवटे, ग्रंथालयाचं ॲप करा नाहीतर हजेरीचं करा. बारा वर्षं तेच बघतोय, मला पण सोपं जातं."

तेजल म्हणाली, "सर, आम्ही गळ्याचा पट्टा करतोय. बिनआवाजाचं बोलणं ओळखणारा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेजारी उभ्या जुबेर मोमीनकडे बघितलं. "मोमीन, तू पण हिच्यातच आहेस का?"

"नाव तर दिलंय सर," जुबेर म्हणाला. असं म्हणाला की जसं काय नाव दुसऱ्याच कुणीतरी दिलंय. हा जुबेर तेजलचा पार्टनर. कोड लिहायला वाघ, पण प्रत्येक कागद दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारा. वर्गात त्याला वकीलसाहेब म्हणायचे.

आता यातलं विज्ञान सांगायलाच पाहिजे, घाबरू नका, सोपं आहे. आपल्याला वाटतं शब्द घशातल्या स्वरयंत्रात बनतात. नाही. तिथं फक्त आवाज बनतो, भोंग्यासारखा. त्या आवाजाचा 'क' करायचा का 'म' करायचा हे ठरवतात जीभ, ओठ, जबडा आणि हनुवटीखालचे स्नायू. मेंदू त्यांना मज्जातंतूंतून हुकूम सोडतो, आणि स्नायू हलला की कातडीवर विजेची बारीकशी थरथर उमटते. एका व्होल्टचे दहा हजार तुकडे केले तर त्यातल्या एखाद्या तुकड्याएवढी. आवाज काढा नाहीतर नका काढू, थरथर उमटतेच. पट्ट्यातले आठ सेन्सर ती मोजतात, फोनमधलं मॉडेल शब्द ओळखतं, आणि फोन तो बोलून दाखवतो.

मग हे आधी कुणी केलं नव्हतं का? केलं होतं, मोठमोठ्या लॅबमध्ये. पण तिथं मॉडेलला शिकवायला माणसं बसवली होती ती शांत खोलीत मनातल्या मनात वाचणारी. मनात वाचताना माणूस तोंड कुठं उघडतो? थरथर इतकी पुसट की दहातले चार शब्द चुकायचे. तेजलला जे सुचलं ते त्या लॅबवाल्यांना सुचणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्या आया शेडमध्ये नव्हत्या. बिनआवाजाचं, पण तोंड भरून, रोज आठ-आठ तास बोलणारी माणसं जगात कुठं असतील तर ती तिच्या गल्लीत होती.

मग काय, पाच महिने ती आणि जुबेर पट्टे घेऊन शेडशेडनं फिरले. नऊ शेड, दोनशे बारा माणसं. सुरुवातीला लोक हसले. रंजनाच्या शेजारच्या मशीनवर कांड्या भरणाऱ्या शकीलाभाभींनी मात्र पट्टा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला.

"पोरी, आमचं बोलणं तू घेऊन जाणार. आमचं बोलणं म्हंजे काय भजन न्हाई. त्यात मालकाला शिव्या हायत, दिवाणजीला हायत, माझ्या नवऱ्याला तर लई हायत."

"नवऱ्याच्या काढून टाकू का भाभी?"

"त्या राहू देत. मालकाच्या कुणाला ऐकवायच्या न्हाईत, तेवढं बघ."

"कुणालाच नाही ऐकवणार. मशीन नुसतं शिकणार. रेकॉर्डिंग तुमच्या तुमच्यापाशी."

शकीलाभाभींनी पट्टा गळ्यात बांधला आणि रंजनाकडे वळून विचारलं, कशी दिसते मी, लग्नातल्यासारखी का. आवाज न काढताच विचारलं. रंजना इतकी हसली की तिच्या मशीनवरचं सूत तुटलं.

पट्टा पहिल्यांदा खरा चालला तो नामदेव आवळेंच्या गळ्यात. नामदेवमामा म्हणजे गल्लीतले सगळ्यात नावाजलेले जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा मिस्त्री. तीस वर्षं तंबाखू खाल्ली, घशाचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. तेव्हापासून तीन वर्षं माणूस शेडच्या दारातल्या चहाच्या गाड्यावर यायचा, कोपऱ्यात बसायचा, चहा प्यायचा आणि जायचा. पण तोंडाचे स्नायू शाबूत होते आणि शेडची सवय तर हाडात होती.

तेजलनं पट्टा बांधला, फोन टेबलावर ठेवला. गाड्यावरचे सगळे गोळा झाले. मामांनी ओठ हलवले, आणि फोनमधनं त्यांचाच जुना आवाज आला. पोरीच्या लग्नाच्या व्हिडिओमधला त्यांचा आवाज जुबेरनं मॉडेलला दिला होता.

"चौथ्या मागाचा पिकर घासलाय. तीन वर्षं बघतोय. कुणाला डोळे हायत का न्हाईत?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहावाला गाळणी हातात धरून उभाच राहिला. मग मामांनी एकेकाला धरून तीन वर्षांचं साठलेलं ऐकवायला सुरुवात केली, आणि ज्यांना ऐकवलं ते डोळे पुसत शिव्या खात होते.

दुसरा फायदा तर कुणी ठरवलाही नव्हता. शेडमध्ये बोलायचं तर समोरच्याचं तोंड दिसावं लागतं. कानात एक बारका स्पीकर घातला तर पट्ट्यातला शब्द सरळ समोरच्याच्या कानात जायचा. रंजना आणि शकीलाभाभी पाठीला पाठ लावून, हातातलं काम न थांबवता बोलायला लागल्या. रंजना घरी येऊन म्हणाली, "बावीस वर्षांत मान वळवून वळवून माझी मान गेली बघ. तू आधी का न्हाई जन्मलीस?"

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं.

फेब्रुवारीत कॉलेजनं दुपारी डेमो ठेवला. प्राचार्य आले, पुण्याच्या एका कंपनीचे सरपोतदार नावाचे साहेब आले, आणि गावातले उद्योजक म्हणून रंजनाच्या शेडचे आणि आणखी चार शेडचे मालक बाळशेठही आले, पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले. पट्टा कुणी बांधायचा? हुपरे सर म्हणाले मी बांधतो. वर्षभर प्रोजेक्टकडे बघितलं नव्हतं, पण पट्टा त्यांनीच बांधला. स्टेजवर उभे राहिले आणि आवाज न काढता ओठ हलवले, "माननीय प्राचार्य महोदय."

स्पीकरमधनं आलं, "मालक आला, गप."

हॉल फुटला. सरांनी खाकरून परत ओठ हलवले, "आदरणीय पाहुणे."

"मालक आला, गप. दिवाणजी बघतोय."

पोरं बाकांवरनं खाली पडायची राहिली. आता हा घोटाळा काय होता? मॉडेलला शेडच्या बाहेरची मराठी येतच नव्हती. दोनशे बारा माणसांत 'माननीय' हा शब्द एकानंही कधी उच्चारला नव्हता. मॉडेलला शब्द ओळखता आला नाही की ते सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य ठोकून द्यायचं. तेजल माईक घेऊन हेच सांगायला उठली. उत्साहाच्या भरात तिच्या जिभेला लगाम नव्हता. "शेडमध्ये दिवसातनं शंभर वेळा हेच वाक्य बोललं जातं," ती म्हणाली, "म्हणून मॉडेलला वाटतं सगळेच हेच बोलतात." तिला वाटत होतं आपण विज्ञान समजावतोय.

हसणं ओसरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, पहिल्या रांगेत दोन माणसं हसत नव्हती. बाळशेठ सोफ्याच्या कडेला सरकून बसले होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी समोर उभा असताना ही माणसं बोलत असतात?"

तेजलनं माईक खाली ठेवला. पण गप्प बसायची वेळ दोन मिनिटांपूर्वी होती. सरपोतदार साहेबांनी वही काढली आणि बाळशेठच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

आठ दिवसांत हुपरे सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. पेढे होते. कंपनी प्रोजेक्ट घेणार होती, तेजलला आणि जुबेरला पुण्यात नोकरी देणार होती, कॉलेजचं नाव पेपरात येणार होतं. फक्त हक्क सोडल्याच्या फॉर्मवर तोंडी परीक्षेच्या दिवशी सह्या करायच्या. तेजलनं पेढा उचलला. जुबेरनं मागे जोडलेली पानं उचलली.

"सर, हे काय आहे?" त्यानं सातव्या पानावर बोट ठेवलं. "कामगार संवाद अहवाल. दररोज. मालकाच्या फोनवर."

"अरे ते सुरक्षिततेसाठी. या वर्षीपासून शेडमध्ये कान झाकायचे हेडसेट सक्तीचे होतायत, आवाजाचा नियम आलाय. त्यातच तुमचा पट्टा बसवणार. अपघाताबद्दल कोण काय बोललं ते मालकाला कळायला नको?"

"आणि पगाराबद्दल कोण काय बोललं ते?"

"मोमीन, तू इंजिनिअर आहेस का वकील?"

तेजलनं पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. अर्धा खाल्लेला होता तरी ठेवला.

तिला वाटलं होतं हे अजून कुणाला माहीत नाही. पण बाळशेठना राहवलं नव्हतं, त्यांनी दिवाणजीला सांगितलं होतं, आणि दिवाणजीनं चहाच्या गाड्यावर सगळ्यांसमोर, "बोला बोला, आता तुमचं समदं आमास्नी कळणार हाय."

दुसऱ्या दिवशी तेजल शेडमध्ये गेली. माग चालूच होते, तोच धडधडाट. पण तोंडं बंद होती. छत्तीस मागांवरची माणसं, कांडीवरच्या बायका, सगळ्यांची तोंडं मिटलेली. बायकांनी पदर नाकावरून ओढून घेतले होते. ती जन्मापासून या शेडमध्ये येत होती आणि आज पहिल्यांदा तिला वाटलं, केवढी शांतता आहे इथं. शकीलाभाभींनी तिच्याकडे बघितलं आणि कांडी बदलली. बस, एवढंच.

घरी आईनं ताट वाढलं. "जेवायला वाढलंय," ती म्हणाली. आवाज काढून म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं.

"आई, मला माहीत नव्हतं ते असं करतील."

"तुला कशाला माहीत असंल. तू शिकलेली."

तेजलला त्यापेक्षा थोबाडीत चालली असती.

तिनं जुबेरला नदीच्या घाटावर गाठलं. "पुसून टाकू सगळं," ती म्हणाली. "कोड, मॉडेल, सगळं. फॉर्मवर सही करायला काही उरलंच नाही पाहिजे."

"आणि नामदेवमामा?"

तिनं नदीकडे तोंड वळवलं.

"त्यांचा आवाज पण पुसायचा?" जुबेर म्हणाला. "आणि पुसून काय होणार? कंपनीला आता माहीत झालंय शेडमध्ये काय सापडतं ते. दुसरी दोन पोरं पकडतील, ती परत गोळा करतील. तेव्हा सातवं पान वाचणारा पण कुणी नसेल."

"मग सही करू म्हणतोस?"

"मी म्हणत नाही." त्यानं पाण्यात एक खडा टाकला. "माझं मन म्हणतं. वर्गात चारच जणांना नोकरी लागलीय तेजल. आब्बूंना मी सांगून पण टाकलंय."

जुबेरनं दुसरा खडा उचलला, हातातच ठेवला. मग म्हणाला, "एक गोष्ट मात्र आहे. सही व्हायच्या आधी प्रोजेक्ट आपलाच आहे. आपण तो सगळ्यांना देऊन टाकला तर?"

"देऊन टाकला म्हणजे बाळशेठना पण दिलाच की."

"हो. पण कुठल्या अटीवर ते महत्त्वाचं." आणि मग वकीलसाहेब सुरू झाले. मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स असतं, त्याची अकरा पानं त्यानं दोन दिवसांत तीनदा वाचली होती. कुणीही वापरा, कुणीही बघा, कुणीही बदला, कुणालाही द्या. पण जो बदलून दुसऱ्याला देईल त्यानं आपला बदल उघडा दाखवायचा, लपवायचा नाही. आणि ज्याच्या अंगावर ते यंत्र आहे त्याला आतला कोड मागायचा, बदलायचा आणि त्याच यंत्रात परत घालायचा हक्क. "बाळशेठच्या अंगावर नाही ना यंत्र," जुबेर म्हणाला. "तुझ्या आईच्या अंगावर आहे."

तेजलनं त्याच्याकडे असं बघितलं की तो लाजला.

पण एकदा विचारून न विचारल्यासारखं केलं होतं, आता तसं करायचं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी शेडमागच्या पटांगणात तिनं सगळ्यांना बोलावलं. जवळजवळ दीडशे जण आले, निम्मे भांडायलाच. तिनं आधी सांगितलं, स्टेजवर तोंड मी उघडलं, चूक माझी. मग जुबेरनं अटी सांगितल्या. बराच वेळ गलका झाला. एकजण म्हणाला, पोरं शिकली की अशीच गळ्याला फास लावतात. मग नामदेवमामा उठले, पट्ट्यासकट.

"मला दोन रस्ते दिसतात," फोन म्हणाला. "एक, गप बसायचं. मी तीन वर्षं बसलोय गप. लई वाईट असतंय ते. दुसरा, ही पोरगी म्हणते तसं. यंत्र आपलं ठेवायचं आणि त्याच्या पोटात काय हाय ते आपण बघायचं. मागाचं पोट मी तीस वर्षं उघडलं. ह्याचं का न्हाई?"

शकीलाभाभी म्हणाल्या, "पोट उघडायला शिकवणार कोण?"

"मी," तेजल म्हणाली.

"आणि तू पुण्याला गेलीस तर?"

"जात नाही."

रंजनानं मान वर केली. त्या आठवड्यात पहिल्यांदा तिनं लेकीकडे नीट बघितलं.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजच्या परीक्षक मॅडम आल्या होत्या. टेबलावर दोन फॉर्म, दोन पेनं. हुपरे सर, प्राचार्य, सरपोतदार साहेब. प्रोजेक्ट जुबेरच्या खात्यावर होता आणि लॅपटॉप टेबलाच्या मधोमध होता, खाजगीचा सार्वजनिक करायला एक बटण.

"आधी सह्या," प्राचार्य म्हणाले.

"सर, आम्ही सही करणार नाही," तेजल म्हणाली. "प्रोजेक्ट आम्ही मुक्त करतोय."

"तसं करता येत नाही."

"सहीच्या आधी येतं सर. तुमच्याच नियमावलीत चौथ्या पानावर आहे."

हुपरे सरांनी आवाज खाली आणला. "दिवटे, वर्ष जाईल तुझं. फॉर्म नाही तर मार्क नाहीत. आईचा तरी विचार कर."

"तोच करतेय सर."

सरपोतदार साहेब जुबेरकडे वळले. छान हसले. "तुम्ही समजूतदार वाटता. खातं तुमचं आहे ना?"

जुबेरनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. आब्बूंना त्यानं अजूनही खरं सांगितलं नव्हतं, हे तेजलला माहीत होतं. त्यानं स्क्रीनवरचं एकदा वाचलं. मग सवयीनं दुसऱ्यांदा वाचलं. आणि बटण दाबलं.

"समजूतदारच आहे मी," तो म्हणाला. "म्हणून सातवं पान वाचलं."

परीक्षक मॅडमनी पेन बंद केलं. "मला मार्क देता येणार नाहीत बहुतेक," त्या म्हणाल्या, "पण तो पट्टा जरा दाखवा. माझ्या भावाचं ऑपरेशन झालंय." आणि प्राचार्यांसमोर वीस मिनिटं त्या पट्टाच बघत बसल्या.

दोघांचं वर्ष गेलं. निकालावर प्रोजेक्टच्या रकान्यात फुली आली. जुबेरचे आब्बू महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत आणि मग एकदा स्वतःच विचारलं, "ते अकरा पानांचं काय हाय, मला पण समजव." तेजल दुपारी शेडमागच्या खोलीत बायकांना कोड शिकवायला लागली. पहिल्या दिवशी सहाजणी आल्या, त्यात रंजना आणि शकीलाभाभी होत्याच. नागपूर, बेळगाव, कुठनं कुठनं लोकांनी कोड घेतला, आणि कुणीतरी त्यात 'माननीय'सुद्धा घातला.

आणि कंपनीनं काय केलं? तेच घेतलं. फुकट मिळालेला कोड, कशाला सोडतील? हेडसेटमध्ये घातला, आत आपलं काहीतरी घातलं, आणि दिवाळीनंतर बाळशेठच्या पाचही शेडमध्ये सगळ्यांच्या डोक्यावर ते हेडसेट आले. नियमच होता, घातल्याशिवाय मागावर उभं राहता येत नव्हतं.

रंजनानं हेडसेट घातला, काढला, आणि दिवाणजीच्या टेबलावर एक कागद ठेवला. खाली एकशे सव्वीस सह्या आणि अंगठे. 'आमच्या डोक्यावर जे घातलंय त्याचा आतला कोड आम्हाला दाखवा.' दिवाणजी हसला. कंपनीनं उत्तर दिलं नाही. दुसरा कागद गेला, तिसरा युनियनच्या वकिलाच्या सहीनं गेला, त्याच्यासोबत जुबेरची अकरा पानं. तिसऱ्या कागदानंतर कंपनीनं निमूटपणे कोडची लिंक पाठवली.

शेडमागच्या खोलीत तेव्हा सतराजणी येत होत्या. तेजलनं दोन्ही कोड शेजारी शेजारी लावले, आपला आणि कंपनीचा, आणि खुर्चीतून उठली. "शोधा," ती म्हणाली.

दोन दुपारी लागल्या. शकीलाभाभींनी चष्मा लावून बोट स्क्रीनवर ठेवलं. "हितं. शब्द कानात जातोय ते एक. आणि हे दुसरं कुठं निघालंय?"

दुसरं मालकाच्या फोनवर निघालं होतं. एकच ओळ होती. प्रत्येक शब्दाची एक प्रत, नावासकट, वेळेसकट.

"मी काढू?" तेजलनं विचारलं.

"तू हात लावू नकोस," रंजना म्हणाली. सुतानं चिरा पडलेल्या बोटानं तिनं ती ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरली आणि पुसली. मग इतकी घाबरली की पाणी मागितलं. एका आठवड्यात एकशे सव्वीस हेडसेट एकेक करून त्या खोलीत आले आणि परत गेले.

सोमवारी सकाळी तेजल शेडमध्ये एकाचा सैल पट्टा बसवायला आली होती. तिच्या स्वतःच्या कानात फक्त कापूस होता. सगळी तोंडं चालू होती, मोठ्ठी, मोकळी. पाठीला पाठ लावून आई आणि शकीलाभाभी काहीतरी सांगून हसत होत्या. तेवढ्यात बाळशेठ आत आले. हातात फोन, फोनवर कोरा अहवाल. ते मागांच्या मधोमध उभे राहिले आणि काहीतरी ओरडले. ते ओरडले हे फक्त त्यांच्या गळ्याच्या शिरांवरनं कळलं.

कुणी पदर ओढला नाही. रंजनानं कांडी बदलली, थेट मालकांकडे बघितलं, आणि त्यांच्याकडे बघतच शकीलाभाभींना एक भलं लांब वाक्य ऐकवलं. शेड हलली. माग हलतात तशी नाही, माणसं हसली की हलते तशी.

बाळशेठनी तेजलला खुणेनं बाहेर बोलावलं. दाराबाहेर येऊन त्यांनी आधी कपाळ पुसलं.

"तू दिवटेबाईची पोरगी. तुला ते तोंडावरनं कळतं, मला माहीत आहे."

"कळतं."

"काय म्हणाली ती?"

तेजलनं मागे वळून शेडच्या दाराकडे बघितलं.

"हे बघ, प्राचार्य माझ्या बसण्यातले आहेत. एक फोन केला तर तुझं वर्ष परत येतं, त्या मोमीनच्या पोराचं पण. मला फक्त एवढंच सांग, सगळे मिळून काय ठरवतायत. मी कुणाला काही करणार नाही. मालक आहे मी, मला ऐकायचा हक्क आहे का नाही?"

आत छत्तीस माग धडधडत होते. तेजलनं कानातला कापूस काढून खिशात ठेवला.

"आहे की मालक," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा. सांगतील त्या, आवाज काढून सांगतील. फक्त तुम्हाला ऐकू यायचं असेल तर माग बंद करायला लागतील."

आणि पट्टा अजून सैल होता, म्हणून ती आत गेली.